छोट्या कॉलेजात तत्त्वज्ञान कसं शिकावं, हसतखेळत

सगळ्यात आधी मागच्या बाकाचा नाद सोडा. पाच जणांच्या वर्गात मागचा बाक नसतो. म्हणजे लाकडाचा असतो, पण त्यावर बसलं तरी सरांच्या आणि आपल्या मधे एकही डोकं येत नाही, मग त्याला मागचा कशाला म्हणायचं? मी शिकले त्या विभागात आम्ही पाच जण होतो आणि शिक्षक दोन, त्यातले एक अर्धवेळ. विभागाच्या भिंतीला लागून खेळाच्या सामानाची खोली होती. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त पुस्तकात जगातल्या एकेका गोष्टीवर संशय घेत असताना पलीकडून बास्केटबॉल आपटत असायचा, आणि त्याच्या अस्तित्वाबद्दल मात्र आमच्यापैकी कुणालाच शंका येत नसे.

आता मी तशाच एका लहान विभागात शिकवते. फळ्याच्या दोन्ही बाजूंनी बघून झाल्यावर सांगते: हा विषय मोठ्या वर्गातही कळतो, पण त्याची गंमत लहान वर्गातच येते. कारण ही गंमत कुणीतरी हरकत घेतल्यावर सुरू होते, आणि दीडशे जणांत हरकत घ्यायला उभं राहण्याची छाती फार थोड्यांची असते. पाच जणांत ती घ्यावीच लागते, नाहीतर तास पुढे सरकत नाही.

हजेरी, दांडी आणि उशीर

लहान वर्गात दांडी मारण्याआधी ढिगाऱ्याचा विरोधाभास समजून घ्या. तो इ.स.पू. चौथ्या शतकातल्या युब्युलिडीसच्या नावावर आहे. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग हा ढीगच राहतो. आणखी एक काढला, तरीही. असं करत करत शेवटी एकच दाणा उरतो, आणि मधे कुठल्या दाण्याला ढीग संपला ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या वर्गात हा प्रयोग दाण्यांऐवजी विद्यार्थ्यांवर व्हायचा. 'मी एकटी नसले म्हणून काय झालं, वर्ग तो वर्गच', असं पाचही जणांनी एकाच सकाळी ठरवलं की बाई पंख्याला शिकवत. दीडशेच्या वर्गात हा युक्तिवाद बराच काळ तग धरतो, पाचात लगेच उघडा पडतो. म्हणून दांडी मारायचीच असेल तर आदल्या दिवशी आपसात ठरवून घ्या. कुणीतरी दाणा व्हायला शिल्लक राहिलंच पाहिजे.

रिकाम्या वर्गामुळे हिरमुसलेल्या शिक्षकांना शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाची गोष्ट सांगावी. 1820 साली बर्लिनमध्ये त्याने आपली व्याख्यानं मुद्दाम हेगेल या नावाजलेल्या तत्त्वज्ञाच्या तासाच्याच वेळेला लावली. गर्दी हेगेलकडे गेली, याच्याकडे मोजकीच माणसं आली, आणि लवकरच त्याने शिकवायचा नाद सोडून दिला. आमच्या अर्धवेळ सरांना ही गोष्ट ऐकून फार बरं वाटायचं, कारण त्यांच्या वेळेला निदान हेगेल तरी नव्हता.

भल्या पहाटेचा तास लागला तर देकार्तचं नाव घ्या. हा माणूस आयुष्यभर उशिरापर्यंत अंथरुणात पडून विचार करायचा. 1649 मध्ये स्वीडनच्या राणीने त्याला बोलावून घेतलं आणि शिकवणीची वेळ ठेवली पहाटे पाचची, तीही ऐन हिवाळ्यात. फेब्रुवारी 1650 मध्ये तो न्यूमोनियाने गेला. वेळापत्रक बदलण्यासाठी इतका वजनदार दाखला दुसऱ्या कुठल्याही विभागाकडे नाही. (प्राचार्यांनी आमचा तास बदलला नाही. पण अर्ज मात्र आवडीने वाचला म्हणे.)

उशीर झालाच, तर अंतर कधी संपतच नाही म्हणणाऱ्या ग्रीक झेनोच्या भरवशावर राहू नका. 'सर, दारापर्यंत यायला आधी अर्धं अंतर, मग उरलेल्याचं अर्धं, मग त्याचंही अर्धं...' हे सर दरवर्षी ऐकतात. त्यापेक्षा सॉक्रेटिस बरा. मेजवानीला जाता जाता तो वाटेत शेजाऱ्याच्या दारात विचार करत उभा राहिला आणि जेवण अर्ध्यावर आल्यावर आत शिरला. यजमान रागावला नाही, उलट त्याला शेजारी बसवून घेतलं. अट एवढीच की, कसला विचार करत होतात असं सरांनी विचारलं, तर सांगण्यासारखं काहीतरी हाताशी हवं.

आणि सर आले आहेत की नाहीत हे विभागातल्या दिव्यावरून ओळखायला जाऊ नका. पर्वतावर धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. 'जिथे जिथे दिवा तिथे तिथे सर' ही व्याप्ती, म्हणजे कायमची सोबत, मात्र टिकत नाही. आमच्या विभागात दिवा रात्रभर चालू असायचा.

हजेरीच्या बाबतीत इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमच्या वाटेला मात्र कुणी जाऊ नये. तो 1832 मध्ये वारला. मृत्युपत्रात लिहून ठेवल्याप्रमाणे त्याचा सांगाडा त्याचेच कपडे चढवून, मेणाचं डोकं बसवून जपून ठेवला गेला, आणि आजही तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसून आहे. इतकी हजेरी कुठलंच विद्यापीठ मागत नाही.

कोंबडी आणायला शिका

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळते.

प्लेटोने माणसाची व्याख्या केली: पिसं नसलेला दोन पायांचा प्राणी. लोकांनी वाहवा केली. डायोजिनीस एका कोंबडीची पिसं उपटून ती त्याच्या शाळेत घेऊन गेला आणि म्हणाला, हा घ्या प्लेटोचा माणूस. मग व्याख्येत भर पडली: 'रुंद नखांचा'. ही कथा सांगणारा लेखक कित्येक शतकांनंतरचा, त्यामुळे प्रत्यक्षात कोंबडीचं नेमकं काय झालं यावर वाद घालू नका. पण तत्त्वज्ञानाच्या तासाला काय करायचं असतं, ते त्या कोंबडीत सगळं आहे.

रीत अशी. कुणी व्याख्या दिली की आधी ती मनापासून मान्य करा. लगेच तोंड वाकडं करू नका. मग शांतपणे असं एकच उदाहरण शोधा जे व्याख्येत बसतं पण बसायला नको, किंवा बसायला हवं पण बसत नाही. मग ते वर्गात आणा. शक्य असेल तर खरोखर उचलून आणा. आमच्या वर्गात एकदा खुर्चीची व्याख्या चालली होती. 'एका माणसाला बसण्यासाठी केलेली वस्तू', असं एकीने सांगितलं. दुसऱ्याने घोड्याचं खोगीर काढलं. मग 'पाय असलेली' आलं, तर स्टूल पुढे आलं. मग 'पाठ असलेली' आलं. आमच्यातला सगळ्यात अबोल मुलगा काही न बोलता उठला, शेजारच्या सामानाच्या खोलीत गेला आणि सायकलला लावायची, पाठ असलेली लहान मुलांची सीट घेऊन आला. ती तिथे कशी, हे आजवर कळलेलं नाही. तास तिथेच संपला, पण वाद अजून चालू आहे.

त्यानंतर 'रुंद नखं' हा आमच्या विभागातला परवलीचा शब्द झाला. कुणी अडचणीत सापडून आपल्या सिद्धांताला घाईघाईने ठिगळ लावलं, की कोपऱ्यातून आवाज यायचा, 'रुंद नखं!' तुमच्या वर्गातही असा एखादा शब्द तयार करा. तो बाहेरच्यांना कळत नाही, आणि लांबलचक आक्षेप वाचतात.

कोंबडीचं वजन किती असू शकतं, ते एडमंड गेटियरने दाखवलं. ज्ञान म्हणजे सत्य असलेली आणि सबळ कारणांवर उभी असलेली समजूत, असं बरेच जण धरून चालले होते. 1963 मध्ये त्याने जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला, त्यात दोन उदाहरणं दिली, आणि ज्ञानमीमांसेची, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं हे शोधणाऱ्या शाखेची, झोप उडाली. अशा जातीचं एक सोपं उदाहरण रसेलकडे आधीच होतं: तुम्ही घड्याळ बघता, त्यात तीन वाजलेत, आणि खरोखरच तीन वाजलेत. पण ते घड्याळ बंद पडलेलं आहे. मग तीन वाजलेत हे तुम्हाला 'माहीत' होतं का? हे उदाहरण अंगी मुरवायला बंद घड्याळ असलेलं कॉलेज लागतं. लहान कॉलेजात त्याची वाण पडत नाही. तीस पानी असाइनमेंट लिहिणाऱ्यांनी ती तीन पानं भिंतीवर चिकटवून ठेवावीत.

कँटीनमधला खेळ

पाश्चात्त्यांकडे कोंबडी आहे, पण नियमांचा खेळ खेळायचा तर नैयायिकांना, म्हणजे आपल्याकडच्या न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, तोड नाही. त्यांच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला चालतो तो वाद. जिंकायला चालतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं मोडायचं ती वितंडा. चर्चेला बसण्याआधी, आज आपण यापैकी काय करतोय हे मोठ्याने सांगून टाका. अर्धी भांडणं इथेच मिटतात, कारण एक जण वाद करत असतो आणि दुसरा जल्प.

खरी मजा निग्रहस्थानांत आहे. निग्रहस्थान म्हणजे जिथे सापडलात की हरलात ती जागा. अशा बावीस जागा सूत्रांत मोजून दिल्या आहेत. आम्ही बावीस चिठ्ठ्या केल्या होत्या. एक जण मध्यस्थ, दोघं भांडणारे, उरलेले सभा. विषय शक्य तितका बिनकामाचा घ्यायचा: झोपेत केलेल्या वचनाला माणूस बांधील असतो का, सावलीवर पाय दिला तर माफी मागावी का. समोरचा सापडला की त्या जागेची चिठ्ठी टेबलावर आपटायची. हरणाऱ्याने सगळ्यांच्या ताटल्या उचलायच्या.

काही चिठ्ठ्या सतत कामाला येतात. अडचणीत आल्यावर मूळ विधानच सोडून देणं ही प्रतिज्ञाहानी. मधेच कारण बदललं तर हेत्वंतर. विषय सोडून भलतंच बोललं तर अर्थांतर. तीनदा सांगूनही समोरच्याला आणि सभेला काहीच कळलं नाही तर अविज्ञातार्थ, आणि ही चिठ्ठी नुकताच हायडेगर वाचायला घेतलेल्यांवर हमखास पडते. उलट समोरच्याने तीनदा सांगितलेलं तुम्हाला परत मांडता आलं नाही, तर ते अननुभाषण, म्हणजे तुम्ही हरलात. 'तू तरी काय वेगळं करतोस?' हे उत्तर दिलंत की मतानुज्ञा, कारण त्यात तुमच्यावरचा आरोप तुम्हीच मान्य केलात. काहीच न सुचणं ही अप्रतिभा.

माझी लाडकी चिठ्ठी विक्षेपाची. 'अरे, मला जरा काम आहे, निघतो मी' असं म्हणून चर्चा अर्धवट टाकणं, हे सूत्रकारांनी इतक्या शतकांपूर्वी पराभवांच्या यादीत घालून ठेवलंय. ज्याने हे लिहिलं तो कँटीनमध्ये बसलेला होता, याबद्दल माझी खात्री आहे.

दोन चिठ्ठ्यांमुळे खेळ चोख होतो. समोरचा सापडलेला असताना तुम्ही त्याला पकडलंच नाहीत, तर तुम्ही हरता. आणि काही चूक नसताना उगाच चिठ्ठी आपटलीत, तरीही तुम्हीच हरता. पहिली चूक सभेने दाखवायची असते, कारण जो सापडला होता तो स्वतःहून कशाला सांगेल? एवढा विचार करून नियम करणारी माणसं रुक्ष होती, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा खेळ एकदा खेळून बघावा.

एक बंधन पाळा. हा खेळ फक्त खेळायला बसलेल्यांशीच खेळायचा. घरी, वसतिगृहाच्या रांगेत, प्रेमात नाही. रस्त्यात भेटेल त्याला प्रश्न विचारून निरुत्तर करण्याचा प्रयोग सॉक्रेटिसने अथेन्समध्ये करून पाहिला आहे आणि त्याचा निकाल इ.स.पू. 399 मध्ये लागला: मृत्युदंड.

वाचायचं कसं

कांट एकट्याने वाचू नका. पाच जणांनी गोल बसून आळीपाळीने मोठ्याने वाचा. वाक्य एका दमात संपवता आलं तर टाळ्या, नाही आलं तर पुढच्याने तिथून उचलायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून क्रियापद शोधायचं. शोधाशोधीत अर्थही सापडतो. निदान कुणाला काय कळलं नाही ते तरी सगळ्यांना कळतं. आमच्या विभागातल्या वायफायचं नाव आम्ही कांटच्याच एका शब्दावरून 'न्यूमेनन' ठेवलं होतं: ते आहे हे मानावंच लागतं, अनुभवाला मात्र येत नाही. एवढ्या एका विनोदासाठी मला कांटचा तो भाग नीट समजून घ्यावा लागला होता. नावं ठेवण्याची परंपरा जुनी आहे. उपनिषदांवर जीव असलेल्या शोपेनहाउअरने आपल्या पूडल कुत्र्याचं नाव आत्मा ठेवलं होतं.

डोकं जड झालं तर पुस्तक खुशाल मिटा. ह्यूमने स्वतःच लिहून ठेवलंय की विचार करकरून अंधार दाटला की तो जेवतो, बॅकगॅमन खेळतो, मित्रांत हसतो, आणि मग परत त्या विचारांकडे वळायचं म्हटलं तर ते त्याला थंड आणि हास्यास्पद वाटतात. विट्गेनश्टाइन तास संपला की सिनेमाला जायचा आणि अगदी पुढच्या रांगेत बसायचा. म्हणजे सिनेमाला जाताना अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, फक्त आधी तास व्हायला हवा.

ग्रंथालयात तत्त्वज्ञानाचं कपाट एकच असेल, पण त्याच्यासमोर उभं राहून नीट बघा. पुस्तकं ड्यूईच्या दशांश पद्धतीने लावलेली असतील तर 120 ला ज्ञानमीमांसा आणि 160 ला तर्कशास्त्र. मधे 133 ला भुतंखेतं आणि ज्योतिष, 135 ला स्वप्नं, 150 ला मानसशास्त्र. ज्ञानाकडून तर्काकडे जायचं तर वाटेत भुतं लागतात, हे ज्याने ठरवलं त्याला विषय बऱ्यापैकी कळला होता. लहान कॉलेजातला फायदा असा की 133 च्या पुस्तकांना मागणी जास्त, त्यामुळे 160 ची तुम्हाला वर्षभर बिनधास्त ठेवून घेता येतात.

परीक्षा

'का?' या प्रश्नाला 'का नाही?' एवढंच लिहून पहिला आलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तो विद्यार्थी प्रत्येक कॉलेजात होऊन गेलाय आणि त्याला पाहिलेलं कुणीच नाही. त्याच्या नादी लागू नका, पानं भरा.

तोंडी परीक्षेत उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणा. 'मला काहीच माहीत नाही, एवढंच मला माहीत आहे' असं म्हणू नका. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते त्या दिवशी सकाळपासून ऐकलेलं असतं.

अचानक चाचणीची मात्र वाट बघा, कारण त्यावर एक झकास विरोधाभास आहे. सर म्हणतात, पुढच्या आठवड्यात एक दिवस चाचणी घेईन, पण कुठल्या दिवशी ते आदल्या दिवशी तुम्हाला कळलेलं नसेल. आता शुक्रवार हा शेवटचा दिवस. गुरुवारपर्यंत चाचणी झाली नाही, तर शुक्रवारीच आहे हे कळेल, म्हणजे शुक्रवार बाद. शुक्रवार बाद झाल्यावर गुरुवार शेवटचा, मग त्याच न्यायाने तोही बाद. असं करत सोमवारपर्यंत सगळे दिवस बाद होतात, म्हणजे चाचणी होऊच शकत नाही. आमच्या पाचही जणांनी हे फळ्यावर मांडून सरांना दाखवलं. सरांनी प्रत्येक पायरी तपासली, मान डोलावली, आणि बुधवारी चाचणी घेतली. कुणालाच अपेक्षा नव्हती. युक्तिवादात चूक नेमकी कुठे आहे यावर तत्त्वज्ञ अजून भांडतात. त्या चाचणीचे आमचे गुण बघितले तर आम्हीही त्या भांडणात भाग घ्यायला पात्र नव्हतो.

विभाग जिवंत ठेवा

लहान विभागाला दरवर्षी नवी माणसं लागतात, आणि ती आणायचं काम शेवटी विद्यार्थ्यांवरच येतं. 'याचा उपयोग काय?' असं विचारणाऱ्याला थेलीसची गोष्ट सांगा. ती अॅरिस्टॉटलने दिली आहे: गरिबीवरून लोक टोमणे मारायला लागले तेव्हा थेलीसने ऑलिव्हचं पीक जोरदार येणार हे ओळखलं, हिवाळ्यातच सगळे घाणे स्वस्तात आगाऊ ठरवून ठेवले, आणि हंगामात हवे ते भाडे घेऊन पैसा केला. याच थेलीसबद्दल तो तारे बघता बघता विहिरीत पडल्याचीही गोष्ट आहे. ती आई-वडिलांसमोर सांगू नका.

'जीवनाचा अर्थ शोधा' असली पोस्टरं लावू नका, त्यांना कुणी भुलत नाही. विभागाबाहेर एक फळा टांगा, दोरीला खडू बांधा आणि रोज एक प्रश्न लिहा. आम्ही एकदा लिहिलं होतं: 'सायकलचा एकेक भाग बदलत बदलत सगळेच भाग नवे झाले, आणि कुणीतरी काढलेल्या भागांची जुनी सायकल परत जोडली. आता खरी सायकल कुठली?' मधल्या सुट्टीपर्यंत फळा भरला. भौतिकशास्त्रवाल्यांनी अणूंचा हिशेब मांडला, कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एकाने मालकीचा मुद्दा काढला, कुणीतरी नुसतं 'दोन्ही' लिहिलं. आणि अगदी खाली बारीक अक्षरात होतं: 'जुनी माझी आहे. तुमच्या शेजारच्या खोलीतून लहान मुलाची सीट गेली ती परत द्या.'

असा माणूस सापडला की त्याला आधी आत बोलवा, खुर्ची द्या आणि प्रवेशाचा अर्ज पुढे करा. सीट नंतर द्या.